चव सांगणारी

बाजारपेठेत तिला सगळे ताडपत्रीवाली म्हणत. ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या, दुकानांपुढची कापडी छपरं, होड्यांची आणि यंत्रांची झाकणं, असलं जाड कापड शिवायचं तिचं दुकान होतं. दुकान मूळ वडिलांचं. त्यांचे डोळे अधू झाले तेव्हा ती सोळा वर्षांची होती. त्या दिवशी मशीनवर बसली ती बसलीच. आई आधीच गेलेली. वडिलांचं दुखणंखुपणं काढता काढता चाळिशी उलटली. पुढे वडीलही गेले. त्यानंतरची तीन वर्षं ती दुपारचं जेवण मशीनच्या फळीवरच उरकायची, एका हातात घास, दुसऱ्या हातात दोरा. बोलायचं म्हणजे गिऱ्हाइकाशी, आणि गिऱ्हाईक बोलणार लांबी-रुंदीचं.

मग एक दिवस पाणीपुरवठ्याच्या पंपघरातला एक माणूस मोटारीचं झाकण शिवून घ्यायला आला. माप चुकलं म्हणून परत आला. दुसऱ्यांदाही चुकलं, तिसऱ्यांदाही. चौथ्या खेपेला ती म्हणाली, "तुमची मोटार वाढत्या अंगाची दिसतेय."

तो हसला. मग खाली बघून म्हणाला, "मापं पहिल्यापासून बरोबरच होती."

त्याने काही लपवलं नाही. बायको जाऊन चार-साडेचार वर्षं झाली होती. दोन मुली. "चांगल्या आहेत पोरी," तो म्हणाला. "थोरली पंधराची आहे, जरा मनाची कडक. धाकटी नऊची. तिचं काही नाही, ती कुणाशीही बोलते. मांजराशीसुद्धा."

कचेरीत लग्नाच्या सह्या झाल्या आणि एक बॅग घेऊन ती त्याच्या घरी राहायला आली. गल्लीच्या टोकाला तळमजल्याचं घर, मागे भिंतीने वेढलेलं छोटं अंगण, अंगणाच्या कोपऱ्यात पाण्याची टाकी. काय म्हणायचं, हा प्रश्न धाकटीने पहिल्याच दिवशी सोडवला. ती "मावशी" म्हणू लागली, आणि सरळ "तू". थोरली कशानेच हाक मारत नसे. "अहो, जरा सरकता का," एवढंच. कधी उद्धटपणा नाही, कधी आवाज चढवणं नाही. तक्रार करायला जागाच नव्हती.

त्या घरात रविवारची दुपार अंगणात जेवायची. मुलींच्या आईने घालून दिलेला नियम होता तो. एक जुनं दार दोन लोखंडी पिंपांवर आडवं टाकून टेबल केलेलं होतं. विटांची चूल, वर जाळी. विस्तव बाबांनी पेटवायचा. बटाटे, कांदे, मक्याची कणसं धुवायची, चिरायची, भाजायची, हे थोरलीचं काम. ताटल्या-चमचे मांडणं धाकटीचं. सगळ्यात शेवटी व्हायचं ते दही. घट्ट दह्यात ठेचलेला लसूण, बारीक चिरलेला हिरवा पाला, मीठ आणि लिंबू. भाजलेला बटाटा फोडून त्यावर ते ओतायचं. घरात त्याला "आईचं दही" म्हणत, आणि ते झालं की नाही हे ठरवायचं धाकटीने. आई होती तेव्हा ही तिच्या मांडीवर बसून तिच्या बोटाला लागलेलं दही चाटायची, म्हणून चव हिला ठाऊक. थोरली वाडगं पुढे धरायची, धाकटी डोळे मिटून चमचा चाटायची, आणि विचार करून सांगायची, "मीठ थोडं." किंवा, "झालं. आईसारखं झालं." मग सगळे बसायचे.

पहिल्या रविवारी ताडपत्रीवालीने पदर खोचून विचारलं, "मी काय करू?"

"तुम्ही बसा ना," थोरली म्हणाली.

पुढच्या रविवारी तिने सुरीच हातात घेतली. थोरलीने ती अलगद काढून घेतली. "राहू द्या, माझं झालंच आहे. बसा तुम्ही."

पाहुण्याला बसा म्हणतात आणि घरच्याला ऊठ म्हणतात, हे तिला कळत होतं. बसण्याचीही एक गोष्टच झाली. टेबलाशी चार खुर्च्या होत्या. नवऱ्याने चौथी ओढून दिली, ती बसली, आणि थोरलीने एक क्षण त्या खुर्चीकडे पाहून नजर फिरवली. नंतरच्या रविवारी ताडपत्रीवाली दुकानातून घडीचं कापडी स्टूल घेऊन आली. "मला पाठीला टेकून बसायची सवयच नाही," असं तिने सांगून टाकलं. स्टूल बुटकं होतं. टेबल तिच्या छातीपर्यंत यायचं, आणि सगळ्यांकडे मान वर करून बघावं लागायचं.

अशी चार महिने ती बसली. नवरा तिच्या ताटलीत आधी वाढायचा, गमती सांगायचा. तो वाईट नव्हता. पण त्याला वाटायचं, सगळे एका टेबलावर जेवताहेत म्हणजे सगळं ठीक आहे. पंपाचा आवाज नीट येत असला की आत बघायला जायचं नाही, हे त्याच्या कामातलं शहाणपण होतं.

मग एका रविवारी सकाळीच पंपघरातून बोलावणं आलं. कुठलीशी झडप निकामी झाली होती. तो सायकल काढून गेला. थोरलीने एकटीने विस्तव पेटवला. ताडपत्रीवाली मदतीला पुढे झाली तर म्हणाली, "येतं मला." धुराने डोळे लाल झाले, पण तिने पेटवला.

धाकटीला आठवडाभर जबर सर्दी होती. ताटल्या मांडता मांडता ती तीनदा शिंकली. जरा वेळाने टाकीमागून हळूच हाक आली. "मावशी. इकडे ये. हळू ये."

ती गेली. धाकटी टाकीला चिकटून उभी होती, हातात दह्याचा चमचा.

"हे चाख."

"मी? ते तर तुझं काम."

"मला काही लागतच नाहीये गं. साबण दिलास तरी कळणार नाही. सांग ना, बरोबर झालंय का?"

"अगं वेडे, मी तुझ्या आईच्या हातचं खाल्लंय कुठे? मला काय कळणार?"

धाकटीने चपलेने मातीत एक रेघ ओढली. "मग मला तरी कुठे कळतं?"

"म्हणजे?"

"मला आठवत नाही. काहीच नाही. आई आठवते ती फोटोतली, आणि ती फोटोसारखीच दिसते, हलत नाही. ताई विचारते, आईसारखं झालं का? मग मी कधी म्हणते मीठ हवं, कधी म्हणते झालं. दर वेळी झालंच म्हटलं तर तिला संशय येईल ना." तिचं नाक गळत होतं. ते सर्दीचं की रडण्याचं, कळायला मार्ग नव्हता. "ताईला सांगू नकोस. तिला वाटतं मला आठवतं. म्हणून ती माझ्याशी आईबद्दल बोलते. नाहीतर नाही बोलणार."

नऊ वर्षांची पोर. चार वर्षांची असल्यापासून दर रविवारी डोळे मिटून परीक्षा देत होती, आणि उत्तर कुणालाच ठाऊक नव्हतं. ताडपत्रीवालीने चमचा घेतला. मीठ कमी होतं, लसूण कच्चा लागत होता.

"चिमूटभर मीठ," ती म्हणाली. "आणि लिंबू. अर्धी फोड."

धाकटी नाक पुसून पळाली. टाकीमागे उभी राहून ताडपत्रीवाली ऐकत राहिली. चमच्याचा खणखणाट, मग शांतता, आणि मग थोरलीचा आवाज, तिने या घरात कधी न ऐकलेला, मऊ. "हो गं. आज अगदी आईचं झालंय."

ती लगेच बाहेर आली नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा त्या टेबलावरच्या कशात तरी तिचा हात होता, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

सर्दी बरी झाली, पण टाकीमागचं चाखणं राहिलं. पाणी आणायला जायच्या निमित्ताने धाकटी चमचा घेऊन यायची. पुढे पुढे धाकटीला त्यात मजा येऊ लागली. खोटं बोलायचं ओझं वाटून घ्यायला कुणीतरी मिळालं की ते ओझं खेळासारखं वाटतं. आणि ताडपत्रीवालीला? ती आठवडाभर मशीनवर बसून रविवारचा विचार करायची. मागच्या वेळी लसूण जास्त झाला होता. पाला जरा आधी घातला तर? होडीच्या झाकणाला रिंगा ठोकताना ती मनातल्या मनात दही कालवत असायची. स्वतःशीच हसायचीसुद्धा. शेजारच्या कुलूपवाल्याने एकदा विचारलंच, "काय ताई, लॉटरी लागली काय?"

आंबट तिला आवडायचं. लिंबाची अर्धी फोड एक झाली, मग दीड. एका रविवारी तिने मिरपूड सुचवली.

"मिरपूड?" थोरलीचा आवाज टाकीमागे स्पष्ट ऐकू आला. "आई मिरपूड घालायची?"

"कधी कधी," धाकटी म्हणाली.

थोरलीने घातली. बाबांना फार आवडलं, त्यांनी तीनदा घेतलं. पण त्या दिवशी थोरली जेवताना बटाट्याचे बारीक बारीक तुकडे करत राहिली. उठताना धाकटीला म्हणाली, "तुला नक्की आठवतं? मला का नाही आठवत?"

ते ऐकून ताडपत्रीवालीने हातातला घास ताटलीत परत ठेवला. एका पोरीचं ओझं हलकं करताना तिने दुसरीच्या हातातलं काढून घेतलं होतं. त्या मुलीजवळ होतं काय? दहा वर्षांची असेपर्यंतची आई, तेवढीच. आणि आता तिला वाटू लागलं होतं की तीही आपण नीट ठेवली नाही. आणि हे सगळं का? तर एका बुटक्या स्टुलावर बसणाऱ्या बाईला आपलं काहीतरी त्या वाडग्यात हवं होतं म्हणून.

हे आता थांबवायचं, असं तिने ठरवलं. पुढच्या रविवारी धाकटी चमचा घेऊन आली तेव्हा तिने हात मागे घेतला.

"आता बास. तुझं तू सांग. नाहीतर ताईला खरं सांगून टाक."

"असं काय करतेस गं? मला नाही येत."

"माझ्या आवडीचं तिला आईचं म्हणून खायला घालतोय आपण. मिरपूड माझी होती. तुझ्या आईची नव्हती."

"मिरपूड तुमची होती?"

थोरली टाकीच्या कडेला उभी होती. हातात रिकामा जग.

धाकटीच्या हातातला चमचा खाली पडला. थोरलीने आधी तिच्याकडे पाहिलं, मग ताडपत्रीवालीकडे. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नेहमीसारखाच होता, खालचा. "आठ दिवस मी आठवतेय. आई मिरपूड कधी घालायची. डबी कुठे असायची. मला वाटलं मी विसरले. मला वाटलं, मी आईला विसरायला लागले."

"माझं चुकलं," ताडपत्रीवाली म्हणाली.

"तुम्हाला खुर्ची दिली, घर दिलं. हे एक राहू द्यायचं होतं."

आवाज ऐकून बाबा चिमटा घेऊनच आले. काय झालं ते त्यांना अर्धंमुर्धं कळलं. "अगं, मिरपुडीवरून एवढं काय," ते म्हणाले. माणूस चांगला असला की नेमकं नको ते बोलतो.

"मिरपुडीवरून नाही!" हे थोरली नाही, धाकटी ओरडली. "मलाच आठवत नाही! मला आई आठवतच नाही! मी चार वर्षांची होते!"

जाळीवर कांदे जळायला लागले होते. त्याचा वास अंगणभर पसरला तरी कुणी हललं नाही. थोरलीने जग टाकीच्या कठड्यावर नीट ठेवला, आत गेली आणि तिच्या खोलीचं दार लागलं. आपटलं नाही, नुसतं लागलं.

पुढच्या रविवारी ताडपत्रीवाली सकाळीच आवरून बाहेर पडली. "होड्यांची झाकणं द्यायची आहेत," ती नवऱ्याला म्हणाली.

"रविवारी?"

"गिऱ्हाइकाला रविवार कळतो का?"

तो जरा थांबला. अडवेल असं तिला वाटलं. "लवकर ये," एवढंच म्हणाला.

तिने दुकानाचं शटर अर्धंच वर केलं, नाहीतर उगाच कुणी आत यायचं. बाजार बंद होता. शिवायचं काम खरंच होतं, ते काही खोटं नव्हतं. दुपारी तिने पाव काढला आणि फळीवर ठेवून खाल्ला, पूर्वीसारखाच. पण पूर्वीसारखं होईना. पूर्वी एकटं खाताना ते एकटं आहे हे कळत नव्हतं, पोट भरायचं आणि पुढे. आता घास तोंडात घोळायचा. बारा वाजले की विस्तव पेटला असेल, साडेबाराला कणसं, एकला वाडगं. घड्याळाकडे न बघता तिला सगळं कळायचं. बाहेर रिकाम्या रस्त्यावर कागदाचे कपटे उडत होते. समोरच्या बंद दुकानावर तिनेच शिवलेलं छप्पर वाऱ्याने फडफडत होतं, आणि त्याची एक दोरी बांधायची राहिली होती. जाऊन बांधून टाकावी असं तिला वाटलं, तेवढंच पाच मिनिटांचं काम. ती गेली, बांधून आली, आणि परत बसली.

असे तीन रविवार गेले. एका संध्याकाळी केस विंचरून घेताना धाकटीने सांगितलं की अंगणात आता जेवण होतच नाही. ताई विस्तव पेटवू देत नाही. बाबा स्वयंपाकघरात काहीतरी शिजवतात, आणि तिघं तिथेच जेवतात. "बाबांचा भात खळीसारखा होतो," धाकटी म्हणाली. "पोस्टर चिकटवता येतील."

ताडपत्रीवालीला हसू आलं नाही. आई गेली त्या आठवड्यातसुद्धा त्यांनी रविवार चुकवला नव्हता, हे नवऱ्याने तिला अभिमानाने सांगितलं होतं. तो आता मोडला होता. आपण उठून आलो तर त्यांचं त्यांना परत मिळेल, असा तिचा हिशोब होता. तो साफ चुकला होता.

चौथ्या रविवारी दुपारी शटरखालून कुणाचे तरी पाय दिसले. कॅनव्हासचे बूट, एक नाडी सुटलेली. थोरली वाकून आत आली. चालत आली होती, कपाळावर घाम होता. तिने डबा फळीवर ठेवला.

"बाबांनी दिलाय."

"तिकडे ठेव." ताडपत्रीवाली उठली नाही, कारण उठणं शक्यच नव्हतं. एका हॉटेलच्या छपराचं बारा हात लांब कापड मशीनमधून अर्धं बाहेर आलं होतं, आणि त्याचं वजन सुईला खेचत होतं. तिच्या तोंडून सहज निघून गेलं, "उभी काय राहिलीस, ते टोक धर. वर धर, जमिनीला लागू देऊ नकोस."

थोरलीने धरलं. कापड जड होतं, तिने ते खांद्यावर घेतलं. मशीनच्या एवढ्या आवाजात बोलता येत नाही, ते एक बरं असतं. दहा-बारा मिनिटं दोघी तशाच होत्या. एक शिवत होती, दुसरी मापाने पावलं पुढे टाकत होती. शिवण संपली, मशीन थांबलं.

"अजून एक कड आहे," ताडपत्रीवाली म्हणाली. "दमली असलीस तर राहू दे."

"नाही दमले." थोरली कापडाचं टोक तसंच धरून उभी राहिली. मग त्या कापडाशीच बोलल्यासारखं म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटत होतं आम्ही दोघी आहोत. बाबा आईबद्दल बोलत नाहीत, त्यांना त्रास होतो. म्हणून मी तिच्याशी बोलायचे. मी म्हणायचे, आई असं करायची ना? ती म्हणायची, हो. आता कळलं की तेव्हासुद्धा मी एकटीच होते."

एकटं असणं ताडपत्रीवालीला ठाऊक होतं, पण ज्याला कुणी असल्यासारखं वाटत होतं त्याचं एकटं असणं वेगळं. तिने दोरा तोडला.

"मी केलं ते वाईट केलं," ती म्हणाली. "मला तिथे काहीतरी काम हवं होतं. चोरून मिळालं तर चोरून घेतलं."

"मागायचं होतंत."

"मागितलं होतं. तू बसा म्हणालीस."

थोरलीने हातातल्या कापडाची एक सुरकुती अंगठ्याने सरळ केली. "हो," ती शेवटी म्हणाली. "म्हणाले."

दोघींनी कापडाची घडी घातली. जाड कापडाची घडी एकट्याने नीट बसत नाही. टोकाला टोक जुळवत समोरासमोर यावं लागतं, मग मागे जायचं, मग पुन्हा यायचं. तिसऱ्यांदा समोर आल्यावर ताडपत्रीवालीने विचारलं, "कशी होती गं तुझी आई?"

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. शेजाऱ्यापाजाऱ्यांना आई माहीत होती, बाबांना माहीत होती, धाकटीला माहीत आहे असं धरलेलं होतं.

"चिडकी," ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली. "म्हणजे वाईट नाही. पण चिडकी. भूक लागली की फार चिडायची. गाणं म्हणायची ते बेसूर. चुलीवरचं हाताने उचलायची, चिमटा असून. मग बोटं भाजली की आमच्यावरच ओरडायची." ती बोलतच सुटली. आईचे केस, आईच्या चपलांचा आवाज, एकदा आईने रागाने फेकलेला टोमॅटो आणि तो नेमका बाबांच्या पांढऱ्या शर्टावर कसा बसला ते. डबा उघडून दोघींनी फळीवरच खाल्लं. आत थंड बटाटे होते, आणि बाबांचा तो भात. ताडपत्रीवालीने तो चमच्याने कापला तेव्हा थोरलीला हसू फुटलं.

"आणि दही?" ताडपत्रीवालीने विचारलं. विचारावं की नाही, असं तिला वाटत होतं, तरी विचारलं.

थोरलीने आठवून पाहिलं. "ती चाखायचीच नाही," ती सावकाश म्हणाली. "घालायची, ढवळायची, द्यायची. ही मांडीवर किरकिर करायची म्हणून हिच्या तोंडात बोट द्यायची. चवीसाठी नाही. गप्प बसावी म्हणून." ती थांबली. "ते चाखायचं मीच नंतर सुरू केलं असणार."

निघताना तिने रिकामा डबा घेतला, शटरखालून वाकून बाहेर गेली. पुढच्या रविवारी या, असं काही ती म्हणाली नाही. ताडपत्रीवालीने वाट पाहिली, पण ती तसं म्हणाली नाही. बूट रस्त्यावरून दूर जाताना दिसले, नाडी अजून सुटलेलीच होती.

तरी पुढच्या रविवारी ती दुकानात गेली नाही. होड्यांची झाकणं केव्हाच देऊन झाली होती. ती स्वयंपाकघरात एका पातेल्याचा तळ उगाच घासत राहिली. खिडकीतून धुराचा वास आला. मग नवऱ्याचा खोकला, ताटल्यांचा आवाज. हाक कुणीच मारली नाही. ती हाकेची वाट बघत होती हे स्वतःशी कबूल करायलाही तिला लाज वाटली. शेवटी तिने हात पुसले आणि आपली आपणच बाहेर गेली.

स्टूल कोपऱ्यात घडी करून ठेवलेलं होतं. ती ते उघडायला लागली तेवढ्यात थोरली मान वर न करता म्हणाली, "ते कांदे सोला आधी. मला वेळ नाही."

तिने कांदे सोलले. सात कांदे होते. डोळ्यांतून पाणी आलं, ते कांद्याचंच होतं, निदान अर्धं तरी.

दही थोरलीने कालवलं. धाकटी बाजूला उभी होती, हात पाठीमागे धरून, चेहरा पडलेला. तिला आता काही काम नव्हतं. थोरलीने वाडगं तिच्या हातात दिलं. "आज चाखायचं नाही. तू मीठ घाल. तुला वाटेल तेवढं."

"चुकलं तर?"

"चुकू दे."

धाकटीने मीठ घातलं. सगळे टेबलाशी बसले, बटाटे फोडले, वर दही ओतलं. पहिला घास बाबांनी घेतला आणि त्यांचे डोळे मोठे झाले, पण ते काही बोलले नाहीत. एवढं ते आता शिकले होते. मग थोरलीने घेतला, मग ताडपत्रीवालीने. दही खारट नव्हतं, नुसतं मीठच होतं.

"कसं झालंय?" धाकटीने विचारलं.

"खारट," थोरली म्हणाली आणि दुसरा घास घेतला.

त्या दुपारी चौघांनी मिळून पाण्याचे तीन जग संपवले. थोरली अजूनही तिला "अहो" म्हणत होती, "तुम्ही" म्हणत होती, आणि ते बदलेल असं ताडपत्रीवालीला वाटत नव्हतं. जेवताना मुली आईबद्दल बोलल्या, टोमॅटोची गोष्ट पुन्हा निघाली. बाबाही त्यात दोन वाक्यं बोलले, आणि शर्टावरचा डाग कुठे होता ते बोटाने दाखवलं. त्या गोष्टीत तिला जागा नव्हती. ती नुसती ऐकत होती. मध्येच थोरलीने हात लांब करून रिकामा जग तिच्यापुढे ठेवला.

"तुम्ही टाकीजवळ आहात," ती म्हणाली. "उठा, भरून आणा."

ती उठली.